देणाऱ्याचं नाव

“खर्चाचं हेड कुठंय म्याडम? तुमी हेड सांगा, मी आत्ता सही करतो,” प्राचार्य म्हणाले आणि त्यांनी खरंच खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं.

शिवकन्या उभीच होती. समोरच्या दोन्ही खुर्च्यांवर सत्काराच्या शालींचे गठ्ठे रचलेले, त्यामुळे बसा म्हणायची प्राचार्यांना सोय नव्हती आणि बसायची तिला.

“सर, ग्रंथालयाच्या हेडातून...”

“त्यातून पुस्तकं येतात. हे पुस्तक हाय का?”

“न्हाई.”

“मग? संगणक दुरुस्तीत घालावं तर दुरुस्त काय केलं म्हनायचं? मार्च एंड हाय म्याडम. ऑडिटवाला म्हनंल, नंबर घेतला ना, मग दाखवा कुठं ठेवलाय. काय दाखवू मी त्याला?”

शिवकन्या ह्या कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवायची. म्हणजे शिकवील तेवढ्या तासांचे पैसे, आणि तेही संस्थेला आठवतील तेव्हा. त्याशिवाय आणखी एक काम तिच्याकडे होतं, त्याचे तास कुणी मोजतच नव्हतं. कॉलेजातून एक विज्ञान पत्रिका निघायची. कागदावर नाही, इंटरनेटवर. मोहनराव सरांनी ती सुरू केली तेव्हा पाटोद्यात इंटरनेट धड चालत नव्हतं. सरांचा नियम एकच होता: वाचणाऱ्याकडून घ्यायचं नाही आणि लिहिणाऱ्याकडूनही घ्यायचं नाही. बालाघाटाच्या डोंगरावरचं गवत, शेळीच्या पोटातले जंत, शेवग्यावरची अळी, असले विषय मोठ्या पत्रिका दारातूनच परत पाठवायच्या. सर ते लेख जाणकारांकडून तपासून घ्यायचे, लिहिणाऱ्याला चारदा परत पाठवायचे, रडकुंडीला आणायचे आणि मग छापायचे. छापलेल्या प्रत्येक लेखाला डीओआय म्हणून एक कायमचा नंबर घ्यायचे. तो देणारी संस्था परदेशातली, तिची वर्षाची फी डॉलरमध्ये. ती कुठून जाते, हे कुणी कधी विचारलं नाही. दिवाळीनंतर सर वारले, आणि मग कळलं की ती त्यांच्या पेन्शनीतून जात होती.

आता त्या संस्थेची मेल आली होती. मार्चअखेर फी आली नाही तर सदस्यत्व बंद. नव्या अंकाचे सात लेख तयार होते, त्यांना नंबर मिळणार नव्हते. ते एक वेळ चाललं असतं. खरा घोर दुसराच होता. पत्रिकेची जुनी वेबसाईट पुढच्या महिन्यात बंद होऊन सगळं नव्या जागी जाणार होतं. सदस्यत्व असलं तर जुन्या नंबरांपुढे तिला नवा पत्ता लिहिता येणार होता. नसलं, तर सरांनी इतक्या वर्षांत लावलेला एकेक नंबर रिकाम्या जागेकडे बोट दाखवत बसणार होता.

हे सगळं तिनं प्राचार्यांना आधी एकदा सांगितलं होतं. आज दुसऱ्यांदा सांगितलं.

“म्हंजे नंबरच पायजे ना?” प्राचार्य म्हणाले. “मग आपनच टाकू की. लेख आपला, वेबसाईट आपली. एक, दोन, तीन, चार. हाय काय त्यात?”

“सर, तो जगात एकच असावा लागतो. दुसऱ्या कुणाचा तसा नसावा.”

“मग मोठा टाकू. धा आकडी.”

शिवकन्यानं शालींकडे बघितलं. वरच्या शालीवर किमतीची चिठ्ठी तशीच होती.

“न्हाईतर लेखकांकडून घ्या. सगळे घेत्यात.”

“मोहनराव सर घेत नव्हते.”

“मोहनराव पेन्शनर होते म्याडम,” पेन पुन्हा खिशाला अडकवत प्राचार्य म्हणाले. “मी नोकरीत हाय.”

व्हरांड्यात येऊन तिनं रविला फोन लावला. रवि सरांचा मुलगा, पुण्यात नोकरीला. सर फी भरायचे ती त्याच्या कार्डावरून. तिच्या स्वतःच्या बँकेनं आधीच हात वर केले होते. “डॉलरमधी? बाहेरदेशात? ताई, असलं कायतरी सांगूनच लोक लुबाडत्यात,” असं म्हणून खिडकीतल्या माणसानं उलट तिलाच सावध केलं होतं.

रविनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मॅडम, खरं बोलू? आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन बाबा पुढं ढकलत राहिले. पुढच्या वर्षी बघू, पुढच्या वर्षी बघू. आम्हाला वाटायचं, फीचे पैसे कॉलेज देतं आणि बाबा ऑपरेशनला घाबरतायत. ते गेल्यावर आईनं सांगितलं, पैसे कुठं जात होते ते.”

“मला म्हाईत नव्हतं, रविदादा.”

“कुणालाच नव्हतं. आईला होतं, ती बोलली नाही.” तो म्हणाला. “तुम्ही पैसे आधी पाठवा, कार्ड मी वापरतो. पण एवढी एकच खेप. आणि माझ्या खिशातून काही जाणार नाही. रागावू नका.”

रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. फोन पर्समध्ये टाकून ती पायऱ्या उतरली. दिवसभरात रागवण्याजोगं इतकं काही झालं होतं, आणि ज्याच्यावर रागवावं असा माणूस एकही हाताला लागत नव्हता.

शेट्यांचं, तिच्या सासरचं, भांड्यांचं दुकान पेठेत होतं. सासरे गुंडप्पा गल्ल्यावर, कपाळाला भस्माचे पट्टे. नवरा मृत्युंजय आतल्या बाजूला, भांड्यांवर नावं घालायच्या मशीनवर. आणि अडीच वर्षांची धनश्री दुकानातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात. आई कॉलेजातून येईपर्यंत तिचा मुक्काम तिथंच. गिऱ्हाइकानं ते पातेलं नुसतं बघायला मागितलं तरी ती दोन्ही हातांनी काठ धरून “माजं हाय!” म्हणायची आणि गिऱ्हाईक हसत दुसऱ्याकडे वळायचं. शिवकन्या दिसताच तिनं हात वर केले. शिवकन्यानं तिला उचललं आणि क्षणभर तोंड तिच्या मानेत खुपसून उभी राहिली. पावडर, घाम आणि नव्या भांड्यांचा वास. दिवसभरात पहिल्यांदा तिला कुणी काही समजावून सांगायला लावत नव्हतं.

“काय म्हनले प्रिन्सिपल?” गुंडप्पांनी विचारलं.

“हेड न्हाई म्हनले, अप्पा.”

“ते तर दिसायलंच की वरून,” गुंडप्पा म्हणाले, तसा आतून मृत्युंजय हसला. “पन मला एकदा नीट सांग बाई, ह्यो नंबर हाय तरी काय? रोज ऐकायलो घरात.”

शिवकन्या दमलेली होती. तिनं आजूबाजूला बघितलं. “लग्नाच्या पंगतीला आपली पातेली धा घरी जात्यात. परत कशी येत्यात?”

“नावावरून.”

“तसंच हाय. वेबसाईट बदलली, जागा बदलली, कुणी कुठं बी नेला, तरी नंबरावरून लेख घरी येतो.”

“म्हंजी भांड्यावरचं नाव!” गुंडप्पा म्हणाले. “हे आधी सांगायचं सोडून डीओ का काय ते म्हनत बसलीस. आन नाव कुणाचं घालत्यात?”

“नाव न्हाई, नंबर असतोय. मधी एक तिरकी रेघ असती. रेघंच्या आधीचा भाग त्यांचा, पुढचा आपन ठरवायचा. अक्षरं, आकडे, काय बी.”

हे बोलताना ती धनूच्या तोंडातून बारका चमचा काढत होती आणि अर्धं लक्ष उद्याच्या प्रॅक्टिकलमध्ये होतं. तेवढं एक वाक्य गिळलं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं.

“काय बी?” गुंडप्पांनी विचारलं.

“काय बी.”

पुढच्या आठवड्यात ती दुकानाची पायरी चढत होती तोच गुंडप्पांनी तिला हाक मारली. चेहरा असा, की नातीचं बारसं ठरवून आले असावेत.

“ये. काम झालं तुजं. शिवरात्रीच्या पंगती आपन कशा वाटून घेतो, तसं केलं. सात लेख, सात घरं, फीचा एकेक वाटा. पाच झाली, दोनच ऱ्हायलेत.”

शिवकन्याला आधी कळेचना. मग कळलं, आणि तिचे डोळे भरून आले. “अप्पा, तुमी कुणाकडं गेलता?”

“सगळ्या पेठंत. कापडवाल्या वीरभद्र अन्नानं मधमाशीचा घेतला, वडलांच्या नावानं. सराफानं शेवग्याचा घेतला, आईच्या. मिठाईवाल्याला जंताचा सांगितला तर म्हनतो, माज्या बापाचं नाव जंताला लावतो का बे गुंडप्पा? मग त्याला गवताचा दिला. जंताचा आन त्यो मेंढरं मेल्याचा, दोन ऱ्हायले. मेल्याचा कोन घेईना. अशुभ म्हनत्यात.”

शिवकन्यानं पर्स खाली ठेवली. “अप्पा, नाव लावतो म्हंजे कुठं?”

“तिरक्या रेघंच्या पुढं. तूच म्हनलीस की, काय बी घालता येतंय.”

तिच्या डोळ्यांपुढे ते उभं राहिलं. दहा पॉइंट अमुक, तिरकी रेघ, कैलासवासी शिवलिंगप्पा. मधमाश्यांच्या पोळ्यांवर चार वर्षं डोंगर तुडवलेल्या पोरीच्या लेखाला कायमचं चिकटलेलं एका कापडवाल्याच्या वडिलांचं नाव. एकदा लावला की नंबर बदलता येत नाही. जगबुडी होईस्तोवर तो तसाच.

“ह्ये चालत न्हाई, अप्पा.”

“कावून? बंदी हाय?”

हीच तर खरी अडचण होती. बंदी कुठंच नव्हती. “बंदी न्हाई. पन शास्त्रात असं करत न्हाईत. लोक म्हनतील, पैसे घेऊन छापलं. लेख कापडवाल्याचा झाला.”

“भांड्यावर देनाऱ्याचंच नाव असतंय, शिवकन्या. घेनाऱ्याचं कधी बघितलंस का? म्हनून काय भांडं देनाऱ्याचं होतंय? सैपाक तर घेनारीच करती.”

ती जास्तच चिडली. “पंगत न्हाई ही, अप्पा! सर असते तर... पैसे परत करा त्यांचे.”

आतलं मशीन थांबलं. गुंडप्पांनी गल्ल्याचं झाकण सावकाश लावलं.

“नाव घालीन म्हनून घेतलंय मी,” ते म्हणाले. “आता काय, भांडं माघारी आनून नाव खरडू?”

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. जेवायला वाढलं तर जेवत, धनूला खांद्यावर घेत, पण सुनेला काही सांगायचं असलं तर धनूला सांगत. “तुज्या आईला म्हनावं, किल्ली खुंटीला हाय.”

“अप्पांनी जन्मात कुणाकडं हात पसरला न्हाई,” ती धनूचे पाय धूत असताना मृत्युंजय तिला म्हणाला. “उधारी वसूल करायला सुदिक मला धाडत्यात, त्यांना मागायची लाज वाटती. तुज्यासाठी पेठ फिरले ते.”

“मी फिरा म्हनले होते का?” ती फाडकन बोलली आणि बोलल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. “आन तुमी? तुमी कुणाकडून हायत?”

“मी मशीनवर हाय. दोघं जे सांगताल ते घालतो.”

तिला हसू आलं नाही. धनूच्या पायांच्या बोटांमधले मातीचे कण काढता काढता ती विचार करत राहिली. कुणी बोलावलं होतं ह्या भानगडीत? अंक निघाला काय आणि न निघाला काय, पगारात फरक पडत नव्हता. कायम होण्याचा कागद ह्यानं हलणार नव्हता. माहेरी फोन केला की आई विचारायची, पोरगी किती बोलते, आणि मग जपून, ती पत्रिका अजून आहे का गं. जणू ते एखादं दुखणं होतं.

पण त्या सातांतला एक लेख तिचा होता. तोच, मेंढरं मेल्याचा. ज्वारी काढल्यावर राहिलेल्या खोडांना कोवळा फुटवा येतो. पाण्याचा ताण बसला असला तर तो विषारी होतो. मेंढरू चार घास खातं आणि तिथंच पाय झाडतं. किराळ लागलं म्हणतात. म्हाळू कोकरे नावाच्या मेंढपाळाच्या निम्म्या मेंढ्या अशा एका दुपारी गेल्या. जनावरांचे डॉक्टर आणि ती पोचले तेव्हा तो मेलेल्या मेंढ्यांच्या मध्ये बसलेला होता. दुसऱ्या कुणी हाकलून दिलं असतं. म्हाळूनं मेंढ्या फाडू दिल्या, पोटातला चारा बाटलीत भरू दिला. मग ऊन उतरल्यावर म्हणाला, “ह्ये लिव्हून ठिवा बाई. पन हरवू नगा.”

“न्हाई हरवनार,” ती म्हणाली होती. पोटात तेव्हा धनू होती. त्यानंतर तो लेख सरांनी तिच्याकडे पाच वेळा परत पाठवला, आणि म्हाळू गेल्या मार्चमध्ये चालता चालता छाती धरून बसला तो उठलाच नाही.

बाजारच्या दिवशी दुकानात गर्दी असते. शिवकन्या त्या दिवशी अप्पांना टाळून मागच्या दारानं आली आणि धनूला पातेल्यातून काढत होती, तेवढ्यात पुढून आवाज आला, “तांबे दावा हो अप्पा, बारके. वर्सश्राद्धाला वाटायचे हायत.”

म्हाळूची बायको मनकर्णा. डोईवर पदर, बगलेत काठी तशीच. काठी तिनं दाराला टेकवली आणि तांब्यांच्या रांगेसमोर उकिडवी बसून एकेकाला टिचकी मारून आवाज ऐकू लागली. मन भरेल ते वेगळे काढले. मृत्युंजयनं पहिला तांब्या मशीनखाली धरला.

“काय घालू, मावशी?”

“कैलासवासी म्हाळू कोकरे. दुसरं काय घालतूस?” मग तिची नजर शिवकन्याकडे गेली. “बाई, ते आमच्या मेंढरांचं लिव्हलं हुतं, ते झालं का?”

“झालंय मावशी. नंबर ऱ्हायलाय.”

इतके दिवस सुनेशी न बोललेले गुंडप्पा मनकर्णाशी बोलले. “त्यो कुनी घेईना. बाकीच्यांना घरं मिळाली, त्यालाच मिळंना.” आणि त्यांनी पंगतीचा सगळा प्रकार तिला सांगितला, घर न् घर.

मनकर्णा उकिडवीच होती, ती उभी राहिली. “कावून घेईनात?”

“मेल्या मेंढरांचा हाय म्हून. अशुभ...”

“मेंढरं आमची मेली. ह्यांच्या दुकानात येऊन मेली का?” तिचा आवाज चढला तशी दोन गिऱ्हाइकं वळली. “आन इचारलं कुनाला तुमी? बाजारभर इचारत फिरलाव, आमाला सोडून? आमच्या मेंढरांचा लेख त्यो, दुसरं कोन घील? मी घेते. पुढल्या बाजाराला कोकरू इकते आन देते.”

“मावशी, तुमच्याकडून कसं...” शिवकन्या म्हणाली.

“का? आमचं चालत न्हाई?”

शिवकन्यानं चालतं अशी मान हलवली.

“नाव घालनार न्हवं त्याचं?” मनकर्णानं विचारलं.

आता गुंडप्पांनी सुनेकडे सरळ बघितलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. मृत्युंजयचा हात मशीनवर तसाच राहिला. पेठेतल्या पाच दुकानदारांना नाही म्हणणं सोपं होतं, कारण ते अप्पांच्या तोंडून जाणार होतं. हे तिला स्वतःच्या तोंडानं म्हणायचं होतं.

“न्हाई मावशी,” ती म्हणाली. “नंबरात नाव घालत न्हाईत. कुणाचंच न्हाई. त्यांचं नाव आत हाय, लेखाच्या शेवटी. मेंढरं त्यांची हुती म्हनून.”

“बरं. मग देनाऱ्याकडं काय ऱ्हातंय?”

मनकर्णानं हे भांडायला विचारलं नव्हतं. सौदा करताना माणूस विचारतो तसं विचारलं होतं. शिवकन्याची नजर मृत्युंजयच्या हाताकडे गेली. मशीनची सुई तांब्यावर टेकलेली, नाव घालून झालेलं, खाली बोटभर जागा मोकळी.

“अहो,” ती म्हणाली, “नावाखाली नंबर बसंल का?”

मृत्युंजयनं तांब्या उजेडात फिरवला. “बारीक घालावा लागंल. पन बसंल.”

गुंडप्पांनी तो त्याच्या हातातून घेतला. एका बाजूनं बघितला, दुसऱ्या बाजूनं बघितला. “म्हंजी नंबरावर नाव न्हाई. नावाखाली नंबर.”

“हां, अप्पा.”

“आन तांब्या देनाऱ्याच्या घरात.”

“हां.”

गुंडप्पांनी टिचकी मारून तांब्याचा आवाज ऐकला. मग म्हणाले, “पितळी द्यावा लागंल. स्टीलवर वीरभद्र अन्ना ऐकनार न्हाई.” आणि वरच्या फळीवरचे पितळी तांबे खाली काढायला स्टूल मागताना, जसं काही झालंच नव्हतं, तसं म्हणाले, “जंताचा मी घेतो. माजा बाप कशाला भीत नव्हता.”

दुसऱ्या फेरीत सगळेच काही बधले नाहीत. सराफानं पैसे परत मागितले. तांब्या काय, त्याच्या घरी हंडे पडले होते. गुंडप्पांनी ते निमूट परत केले आणि घरी येऊन पाणी मागितलं. शेवग्याचा लेख मग मृत्युंजयनं घेतला. कुणाच्या नावानं ते सांगितलं नाही. पैसे रविला गेले, रविच्या कार्डावरून फी गेली आणि महिना संपायच्या आत सदस्यत्व आणखी वर्षभरासाठी पक्कं झालं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना, पातेल्यात झोपलेल्या धनूला एका पायानं हलकेच डोलवत, शिवकन्यानं सातही लेखांचे साधे, कोरडे, आकड्यांचे नंबर नोंदवले. मग सरांच्या काळातला एकेक जुना नंबर काढून त्याच्यापुढे नवा पत्ता लिहीत गेली. ते काम कित्येक दुपारी चाललं.

नंबर मिळाले तसे ते तांब्यांवर गेले. एक तांब्या मृत्युंजयनं कुरियरनं पुण्याला पाठवला, हे तिला पावतीवरून कळलं. त्यावर मोहनराव सरांचं नाव होतं आणि खाली शेवग्याच्या लेखाचा नंबर. चार दिवसांनी रविचा मेसेज आला: “मिळाला.” एवढाच. फोन हातात धरून ती तो एक शब्द बराच वेळ बघत राहिली.

अंकाचं प्रकाशन कॉलेजात झालं. फाटकापासून सभागृहापर्यंत प्राचार्यांच्या फोटोचे बॅनर. बॅनरला हेड होतं. भाषणात प्राचार्य म्हणाले, की आमच्या महाविद्यालयानं हा उपक्रम स्वबळावर चालवला आहे, आणि टाळ्या चालू असतानाच धनूला शू लागली, म्हणून शिवकन्या तिला घेऊन बाहेर आली. पुढच्या वर्षीच्या फीचं काय, हे कुणी विचारलं नाही. ती परत आत गेली नाही. पर्समध्ये मनकर्णाचा तांब्या होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

कोकऱ्यांची मेंढरं तेव्हा डोंगराच्या पायथ्याला एका काढलेल्या रानात बसवलेली होती. पलीकडच्या ज्वारीच्या खोडांना हिरवा फुटवा फुटला होता. तिकडे वळणाऱ्या प्रत्येक मेंढीला मनकर्णाचा मुलगा जीवन लांबूनच हाळी घालत होता.

मनकर्णानं कागद सोडून तांब्या बाहेर काढला. तळहातानं पुसला.

“ह्ये वरचं त्याचं नाव?”

“हां.”

“आन ह्यो खालचा नंबर.”

“ह्यो नंबर जगात कुणी कुठं बी टाकला, मावशी, की तुमच्या मेंढरांचा लेख निघतो.”

“काढ मग.”

तिथं रेंज येत नव्हती. शिवकन्या बांधावर चढली, मग बांधावरच्या दगडावर. तांब्यावर बघून तिनं नंबर टाकला. पडद्यावर गोल फिरायला लागला आणि फिरतच राहिला. मनकर्णा खाली उभी राहून तिच्याकडे बघत होती, धनू मनकर्णाच्या काठीशी झटत होती. “आलं का?” मनकर्णानं विचारलं. “येतंय.” मग पान उघडलं. नव्या जागेवर, नीट. शिवकन्या उडी मारून खाली आली.

“त्याचं नाव कुठंय?”

तिनं शेवट काढून दाखवला. “ह्ये बघा. इंग्रजीत हाय.”

“असंना.” मनकर्णानं वाकून बघितलं. मग तिनं त्या ओळीवर अंगठा ठेवला. पडदा सरकला, ओळ वर गेली आणि दिसेनाशी झाली. हातून काही फुटलं असावं तसा तिनं हात मागं घेतला.

“गेलं?”

“न्हाई न्हाई, हाय. सरकलं नुस्तं.” शिवकन्यानं ओळ पुन्हा आणली. मनकर्णानं आता जपून, बोटाच्या टोकानं हात लावला. ओळ पुन्हा सरकली.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “तांब्यावरचं बरं. हात लावला तरी हालत न्हाई.”

झाडाखाली पाण्याची घागर होती. मनकर्णानं तांब्या विसळला, भरला आणि उन्हानं लाल झालेल्या धनूपुढे धरला. धनूनं तो दोन्ही हातांनी घट्ट पकडला, आईकडे बघितलं, मेंढरांकडे बघितलं.

“माजं हाय,” ती म्हणाली.

“तुजंच हाय बाई. पी,” मनकर्णा म्हणाली.

धनू प्यायली. निम्मं पाणी तोंडात गेलं, निम्मं तांब्यावरून खाली, नावावरून, नंबरावरून, मातीत.